दक्षिणेला डोकं, वर स्वाती

मी आकाश दिवसा बघते. असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग काळजीने विचारतात, बाई बरी आहे ना. अंबडच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी भौतिकशास्त्र शिकवते. तिथले शिपाईमामासुद्धा एकदा म्हणाले होते, "मॅडम, तारे बघायचे तं रात्री बघा की, दिवसा कशाला डोळे फोडून घेता?" शेजारच्या काकूंचा तर पक्का समज आहे की मी पत्रिका बघते. त्यांच्या मुलाला नोकरी कधी लागेल हे मी मुद्दामच सांगत नाही, असं त्यांना वाटतं.

खरं म्हणजे माझ्याकडे दुर्बीण नाही. आमचा हौशी लोकांचा एक गट आहे, महाराष्ट्रभर विखुरलेला. दूर एका डोंगरावर एक लहानशी स्वयंचलित दुर्बीण आहे. ती रात्रभर फोटो काढते आणि सकाळी ते फोटो आमच्यात वाटून देते. आम्ही ते जुन्या फोटोंशी ताडून बघतो. जुने म्हणजे किती जुने? आजी-आजोबांच्या काळापासून आई-वडिलांच्या तरुणपणापर्यंत काचेच्या तबकड्यांवर मोठमोठ्या दुर्बिणींनी साऱ्या आकाशाचे फोटो घेऊन ठेवले होते. ते आता संगणकावर चढवलेत, कुणीही उघडावेत, फुकट. काल जिथे काही नव्हतं तिथे आज ठिपका दिसला, तर आधी या संग्रहात जायचं. पूर्वी इथे कुणी होतं का? असलं तर केवढं होतं? हे सगळं पंख्याखाली बसून, चहा पीत, भर दुपारी करता येतं. रात्री मी गाढ झोपते.

यंदा मे महिन्यात, परीक्षांचे पेपर तपासून झाले त्या शनिवारी सकाळी, स्वातीजवळच्या एका फोटोत मला ठिपका दिसला. आठवड्यापूर्वीच्या फोटोत तो नव्हता.

मी खुर्चीतून उठलेच. परत बसले. परत उठले. आठवड्यापूर्वी ढगांची पातळ खपली होती, म्हणून तो पुरावा लंगडा होता, हे मला कळत होतं. पण कळून बसवतंय कुठे! काही तारे जोडीने राहतात. एक दुसऱ्याच्या अंगावरचा वायू ओढून घेत राहतो, तो साठत जातो, आणि एक दिवस दूध उतू जावं तसा तारा एकदम उजळतो. चार-आठ दिवसांत पुन्हा मंद. उद्रेक म्हणतात त्याला. पहिल्या दोन-तीन दिवसांत कुणी बघितलं तर बघितलं, नाहीतर गेला. आणि हा उद्रेक बहुतेक मी एकटीने बघितला होता, अंबडमध्ये, अंगात गाऊन आणि डोक्याला तेल.

पण ठिपक्याची नेमकी जागा कळल्याशिवाय कुणाला काही सांगता येत नाही. एरवी यंत्रच फोटोवर जागा नोंदवून देतं. या फोटोत तारे इतके विरळ की यंत्राने हात टेकले होते. मला ती हाताने जुळवायची होती. डाव्या कडेला एका ओळीत तीन ठळक तारे, सारख्या अंतरावर, आणि त्यांच्या उजवीकडे माझा ठिपका. तिघांच्या डावीकडे फोटोच संपत होता. हे तिघं संग्रहात शोधायचे, म्हणजे जागा मिळाली.

आणि लाईट गेली.

लॅपटॉपची बॅटरी केव्हाच मेलेली, तो वायरीवरच चालतो. मी माझा फोटो मोबाइलवर पाठवून ठेवला होता तेवढं नशीब. मोबाइलवरच संग्रह उघडला, स्वातीजवळचा आकाशाचा तो तुकडा मिळवला, आणि ओढणी गळ्यात टाकून निघाले. कोर्टासमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे इन्व्हर्टर आहे. तो दिवसभर प्रतिज्ञापत्रं छापतो. आम्ही आकाश उलट्या रंगात छापतो, पांढऱ्या कागदावर काळे तारे, म्हणजे शाई वाचते. माझी दोन पानं बाहेर आली तशी त्याने ती उन्हाकडे धरली.

"मॅडम, मोहरी सांडली काय कागदावर? दुसरं काढून देऊ?"

"बिलकुल बरोबर आलंय," मी म्हटलं आणि पानं हिसकावलीच जवळजवळ.

समोरच्या कडुनिंबाखाली, वकिलांच्या टेबलांच्या रांगेत एक रिकामं टेबल होतं, तिथे मी पानं पसरली. पट्टी लावली. तीन तारे इथेही होते, तिथेही. उजवीकडे तेवढ्याच अंतरावर जुन्या पानातही एक ठिपका! म्हणजे झोपलेला ताराही सापडला, तोच आता जागा झालाय. माझा आनंद गगनात मावेना. एक म्हातारे वकील चष्मा वर करून बघत होते, त्यांना वाटलं असेल बाई जमिनीची केस जिंकली. तिथेच बसून मी मोबाइलवरून गटाला कळवलं. जागा, वेळ, सगळं.

रविवारी दुपारी उत्तर आलं.

आमच्या गटात पुण्याचे एक निवृत्त अभियंते आहेत. आलेली प्रत्येक नोंद ते तपासतात. अतिशय सभ्य माणूस, आणि त्यामुळेच त्यांनी दाखवलेली चूक जास्त लागते. ते म्हणाले, "मॅडम, तुम्ही दिलेल्या जागी तारा आहे, पण तो नेहमीचाच आहे. मी सगळ्या जुन्या तबकड्या पाहिल्या. प्रत्येकीत तो तेवढाच ठळक आहे. काहीच वाढलेलं नाही. गेल्या आठवड्यात ढग होते म्हणून तो दिसला नसेल."

मी दोन्ही पानं पुढ्यात ओढली.

"संध्याकाळी मोठ्या दुर्बिणीच्या लोकांना यादी जाते," ते पुढे म्हणाले. "तुमचा तारा त्यात ठेवला आणि तो साधा निघाला, तर पुढच्या वेळी ते आपलं ऐकणार नाहीत. त्याआधी तुम्ही स्वतःच मागे घेतलंत तर बरं. आणि… तुम्हाला माहीतच आहे."

मला माहीतच होतं. याआधी दोनदा मी नोंद मागे घेतली होती. एकदा तो लघुग्रह निघाला आणि एकदा कॅमेऱ्यातला खराब ठिपका. तिसऱ्यांदा मागे घेतलं की गटाच्या नियमाप्रमाणे वर्षभर स्वतःची नोंद करता येत नाही, नुसतं दुसऱ्यांचं तपासायचं. नियम चांगला आहे. मीच तेव्हा हात वर करून पाठिंबा दिला होता, आता बोलणार कोणत्या तोंडाने. पण मला तो तारा हवा होता. फार हवा होता. संध्याकाळी कुणीतरी मोठी दुर्बीण त्याच्याकडे वळवावी आणि सांगावं की हो, बाई, तुला दिसलं ते खरं.

लाईट आली होती. मी दोन्ही पानं पुन्हा ताडली. पुण्याचे सर बरोबरच होते. जुन्या पानात तो तारा होताच, तसाच, ढिम्म. मी माघारीचा मजकूर मोबाइलवर लिहून काढला. पाठवायचं बटण दाबवेना.

माय वरती गच्चीवर होती. सकाळपासून तिच्या कुरडया चालल्या होत्या, आणि दर थोड्या वेळाने वरून हाक येत होती, "ये ना गं वर, ह्या उलट्या करू लाग!" मी ओ दिली नाही. पुढच्या खोलीतली फरशी त्यातल्या त्यात थंड असते. मी पंख्याखाली तिथेच आडवी झाले, पानं तोंडासमोर धरली, आणि रडू येतंय की राग येतोय ते ठरवत पडून राहिले.

माय खाली आली ती भांडायच्याच तयारीने. दारात थांबली आणि तिच्या हातातली परात खाली आपटली.

"उठ! उठ आधी! काय करून राह्यली गं तू? उत्तरेला डोकं करून पडतं व्हय कुणी? मढं हाय का तू?"

मी दचकून उठून बसले. माय खरंच घाबरली होती. त्या खोलीत उत्तरेला डोकं करून शेवटचं कुणी निजलं असेल तर ते आबा, माझे वडील, मागच्या दिवाळीनंतर. आम्हीच त्यांना तसं ठेवलं होतं.

"चुकून पडले गं माय," मी म्हटलं. "ध्यानात नाही आलं."

"असं कसं ध्यानात येत न्हाई? लहानपणापासून सांगितलं ना तुला. उत्तर पायाशी ठेवायची, डोक्याशी न्हाई."

उत्तर पायाशी. मी हातातल्या पानांकडे बघितलं आणि माझ्या तोंडातून असा आवाज निघाला की माय आणखीच घाबरली.

हे नीट सांगायला हवं. आमच्या घरी पूर्वी मेंढरं होती. लहानपणी सुट्टीत मी माय आणि आबांबरोबर कळपामागे असायचे. पिकं निघाली की शेतकरी खतासाठी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात, आणि आम्ही त्या मोकळ्या रानातच झोपायचो. आबा घोंगडी अंथरताना आधी दिशा बघायचे. डोकं दक्षिणेला, पाय उत्तरेला. त्यात कधी बदल नाही. उन्हाळ्यात आमच्या भागात स्वाती अगदी डोक्यावर येते, निजल्यावर थेट नाकासमोर. सप्तर्षी पायांकडे, चित्रा कपाळाकडे, आणि पूर्व उजव्या हाताला. आकाशाची ओळख मला अशी झाली. आबा म्हणायचे, "माणसं बदलत्यात, पानवठे बदलत्यात, पोरी, वर काही बदलत न्हाई." एवढ्या एकाच गोष्टीवरून मी त्यांच्याशी भांडत असे, शाळेत शिकले तेव्हापासून.

जगातले बाकी सगळे लोक आकाशाचा फोटो उत्तर वर धरून बघतात. संग्रहातले फोटो तसेच असतात. मला ते जमत नाही. डोक्याशी उत्तर असलेलं आकाश मला परक्या गावासारखं वाटतं. म्हणून मी काय करते, तर कोणताही फोटो उघडला की पहिल्यांदा तो अर्धा फिरवून घेते, दक्षिण वर. माझाही फिरवते, संग्रहातलाही. दोन्ही फिरवले की हिशेब बरोबर जुळतो. सवय इतकी जुनी की हात आपोआप ते करतो, मला कळतही नाही.

शनिवारी माझा फोटो मी लॅपटॉपवर फिरवला होता. मग लाईट गेली. संग्रहातला मोबाइलवर उघडला, आणि मोबाइलवर तो फिरत नाही! एका पानात दक्षिण वर, दुसऱ्यात उत्तर. तीन तारे सरळ ओळीत, सारख्या अंतरावर. ते उलटे धरले काय आणि सुलटे धरले काय, सारखेच दिसणार. माझा तारा तिघांच्या पूर्वेला होता, आणि मी जगाला पश्चिमेकडच्या एका गरीब, निष्पाप ताऱ्याचा पत्ता देऊन बसले होते.

"माय, मी गाढव आहे!" मी ओरडले.

"ते हाय माहीत," माय म्हणाली. "पण कुरडया?"

कुरडया कोण बघतो! मी लॅपटॉपकडे धावले. संग्रह उघडला आणि या वेळी हाताला सक्त ताकीद देऊन तो फिरवला नाही. आकाशाच्या फोटोत उत्तर वर असली की पूर्व डावीकडे येते, म्हणून तिघांच्या डावीकडे, तेवढ्याच अंतरावर बघितलं. तेव्हा एकाच जागेचे फोटो लाल आणि निळ्या प्रकाशात वेगवेगळे घेत. लाल प्रकाशातल्या तबकडीत काहीच नाही, कोरं. निळ्या प्रकाशातल्या तबकडीत एक कण. इतका बारका की डोळे बारीक करून बघितला तर आहे, नाहीतर नाही. निळ्यात दिसतो आणि लालात नाही, म्हणजे तापलेला. असेच तर असतात ते उतू जाणारे!

मग मी एकेक करत त्या जागेच्या बाकीच्या सगळ्या तबकड्या उघडत गेले. कोरी. कोरी. कण. कोरी. आणि मग एक उघडली, आणि तिच्यात तो होता. जाडजूड, काळाभोर, तिघांच्या बरोबरीने. कालच्या माझ्या फोटोत होता तेवढाच. हा तारा पूर्वीही एकदा उतू गेला होता! कुणीतरी त्याचा फोटोही काढला होता, आणि तो ठिपका कुणाच्याही नजरेस न पडता काचेवर पडून राहिला होता.

पण दोनदा तोंड पोळलं होतं, त्यामुळे मी लगेच नाचले नाही. काचेवर धूळ बसते, ओरखडे असतात. धुळीच्या ठिपक्याची कड धारदार असते, ताऱ्याची मऊ. याची कड शेजाऱ्यांसारखीच मऊ होती. तरीही. या तबकड्यांच्या कडा एकमेकींवर थोड्या चढलेल्या असतात, कौलांसारख्या. माझी जागा बरोबर अशा कडेवर येत होती, म्हणजे शेजारच्या तबकडीतही ती असणार. ती उघडली. थोड्याच दिवसांनंतरची होती. तिच्यात तो होता, जरासा उतरलेला. धूळ दोन वेगळ्या काचांवर एकाच जागी बसत नाही, आणि बसली तरी मंद होत जात नाही.

आता मी नाचले.

सरांना फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं, स्वाती, पाय, डोकं, आबा, लाईट, झेरॉक्स. पलीकडे कागद ओढल्याचा आवाज आला.

"मॅडम," ते सावकाश म्हणाले, "जागा पुन्हा सांगा. हळू सांगा."

मी सांगितली. ते "बघतो" म्हणाले आणि फोन ठेवला. तेवढा वेळ मी काय केलं असेल तर गच्चीवर जाऊन मायच्या कुरडया उलट्या केल्या. दोन मोडल्या, तिने त्या खाऊन टाकायला लावल्या. ऊन असं होतं की वर बघवत नव्हतं, आणि तरी मी मान वर करून बघत होते. त्या पांढऱ्या उजेडामागे तो कुठेतरी आत्ता या क्षणी पेटलेला होता, मला माहीत होतं.

फोन वाजला. सभ्य माणसाचा आवाज चढला होता. "दोन्ही तबकड्यांत आहे! मॅडम, दोन्ही! जागा दुरुस्त करून नोंद कायम ठेवतोय. यादीत सगळ्यात वर टाकलाय. आज मोठी दुर्बीण आधी तिकडेच वळणार." मग जरा थांबून म्हणाले, "आणि एक सांगू का? आमच्याकडेही उत्तरेला डोकं चालत नाही. पण मी फोटो फिरवत नाही हो!"

आम्ही दोघं इतके हसलो की मायने मला विचारलं, कुणाचं लग्न ठरलं.

खाली आल्यावर मी ती जुनी तबकडी त्याच झेरॉक्सवाल्याला छापायला पाठवली, रविवारीही तो थोडा वेळ उघडतो, आणि उन्हातून जाऊन घेऊनही आले. मायला दाखवायची होती. आबा असते तर त्यांना दाखवली असती आणि म्हटलं असतं, बघा, वरसुद्धा बदलतं. ते भांडण जिंकायला मला केवढी वर्षं लागली, आणि हरायला ते थांबले नाहीत, याचं त्या एवढ्या आनंदातही मला फार वाईट वाटलं.

मायने पान हातात घेतलं. तिने ते आपसूक फिरवलं, खालची अक्षरं उलटी झाली तिकडे तिचं लक्षही नव्हतं. मी त्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"हा. हा आत्ताही पेटलाय, आणि तेव्हाही पेटला होता. मी शोधलाय, माय."

"तवा म्हंजे कवा?"

तबकडीवर तारीख होती. मी मनात हिशेब केला. "माझ्या जन्माच्या आदल्या वर्षी. चैत्रात."

माय जमिनीवर बसली. पान गुडघ्यावर ठेवलं. "त्या चैत्रात आम्ही गोदाकाठाला व्हतो," ती म्हणाली. "लग्नानंतरची पहिलीच खेप माझी कळपामागं. मला झोपच यायची न्हाई उघड्यावर. तुझा आबा घोरायचा अन् मी आपली वर बघत पडून राह्यची. रोज." तिने स्वातीच्या बाजूला बोट फिरवलं, मग ठिपक्यावर आणलं. "हा तवा हितंच व्हता? आमच्या बराबर वर?"

"हो."

"जळून राह्यला व्हता?"

"हो गं."

तिने पान डोळ्यांपासून जरा लांब धरलं. "मला म्हाईत असतं ना," ती म्हणाली, "तं उठवलं असतं तुझ्या आबाला. जल्दी उठा म्हणलं असतं, बघा, वर बदलून राह्यलं."

मी म्हटलं, "नुसत्या डोळ्यांना तो दिसलाच नसता, माय. फार मंद असतो तो."

"न्हाई दिसला तं न्हाई दिसला," माय म्हणाली. "उठवलं असतं."